कोल्ड रूमला किती टन लागतील? उष्णतेचा हिशोब, एका खोलीच्या आधाराने

तुर्भ्याच्या फळ मार्केटात कोल्ड रूम बांधायची म्हटलं की व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, किती टनाचं मशीन लागेल?" आणि उत्तर द्यायच्या आत तोच पुढे सांगतो, "शेजारच्या गाळ्यात दोन टनाचं आहे, तेवढंच बसवून टाका." शेजारी माल वेगळा, दार उघडण्याची वेळ वेगळी, छपरावर ऊन वेगळं. त्याचं मशीन याला कसं चालेल? मी तुर्भे, रबाळे, महापे या पट्ट्यात कोल्ड रूमची कामं करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात पाना देण्याआधी मी वही-पेन देते. त्या वहीत जो हिशोब करून घेते, तोच इथे मांडते आहे. कॅल्क्युलेटर, मशीनमध्ये फिरणाऱ्या आर-१३४ए गॅसचा तक्ता आणि दोन थर्मामीटर एवढं सामान पुरतं.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खाडीकाठच्या आपल्या हवेत नुसतं तापमान बघून उष्णता मोजता येत नाही. हवेत जी वाफ असते तिच्यात फार मोठी उष्णता दडलेली असते, आणि ती साध्या थर्मामीटरवर दिसत नाही. म्हणून हिशोब अंशांत करायचा नाही, एन्थाल्पीत करायचा. एक किलो हवेत किंवा एक किलो गॅसमध्ये एकूण किती किलोज्यूल उष्णता आहे, तो आकडा म्हणजे एन्थाल्पी. आत येतानाची एन्थाल्पी वजा बाहेर जातानाची, गुणिले दर सेकंदाला वाहणारे किलो: उत्तर थेट किलोवॅटमध्ये. भिंतीतून झिरपणारी उष्णता सोडली तर या लेखातली जवळजवळ सगळी गणितं या एका ओळीची आहेत.

एककं पण आत्ताच पक्की करून घ्या. १ टन रेफ्रिजरेशन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणजेच तासाला १२,००० बीटीयू किंवा ३,०२४ किलोकॅलरी. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. मी सगळं किलोवॅटमध्ये करते आणि टन फक्त शेवटी, व्यापाऱ्याला सांगण्यापुरते काढते. अर्धं गणित बीटीयूत आणि अर्धं किलोज्यूलमध्ये केलं की चूक कुठे शिरली ते सापडत नाही.

आता खोली घेऊ. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ७२ घनमीटर. भिंती, छत आणि जमीन १०० मिलिमीटरच्या पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेलची. माल सफरचंद, आत २ अंश ठेवायचे. एकूण साठा १० टन, त्यात रोज ३ टन ताजा माल २५ अंशांवर आत येणार. महिना ऑक्टोबर धरू, कारण काश्मीरचा माल तेव्हा जोरात असतो आणि आपल्याकडे ऑक्टोबर हीटही तेव्हाच. बाहेर ३४ अंश.

भिंतींतून येणारी उष्णता

हा भाग सोपा आहे. पफची उष्णतावाहकता साधारण ०.०२४ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश. जाडी ०.१ मीटर. भागाकार ०.२४, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला ०.२४ वॅट उष्णता आत येते. भिंती ६० चौरस मीटर, छत २४, जमीन २४, एकूण १०८. तापमानातला फरक ३२. गुणाकार केला की ८२९ वॅट, म्हणजे ०.८३ किलोवॅट.

खोली पत्र्याच्या शेडखाली असेल आणि पत्रा व छत यांच्यामधून वारा खेळत नसेल, तर छतासाठी बाहेरचं तापमान ३४ धरू नका. भर दुपारी तिथे थर्मामीटर ठेवून बघा आणि तो आकडा घ्या. पॅनेलचे सांधे नीट सील केलेले आहेत का तेही तपासा. सांध्यातून ओल आत शिरली की पफ भिजतो, आणि भिजलेला पफ उष्णता अडवत नाही. मग ०.२४ हा आकडा कागदावरच राहतो.

माल थंड करणं

सफरचंदाची विशिष्ट उष्णता साधारण ३.८ किलोज्यूल प्रतिकिलो प्रतिअंश. ३,००० किलो × ३.८ × २३ अंश = २,६२,२०० किलोज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की ३.०३ किलोवॅट. संपूर्ण हिशोबातला हा सर्वांत मोठा आकडा आहे. तो व्यापाऱ्याच्या हातात असतो, म्हणून मी त्याच्यासमोर बसून काढते. ३ टनांऐवजी ६ टन रोज येणार असतील तर तेव्हाच कळू दे.

इथे सरासरी घेतली आहे हे लक्षात असू द्या. गरम माल पहिल्या काही तासांत भराभर उष्णता सोडतो, नंतर हळूहळू. म्हणून गाडी उतरल्यावर खोलीचं तापमान थोडं चढणारच. साठवणुकीच्या खोलीला ते चालतं. तासाभरात माल थंड करून पुढे पाठवायचा असेल तर ती प्रीकूलिंगची खोली झाली. तिचं मशीन याच्या कितीतरी पट मोठं लागतं आणि तिचा हिशोबही स्वतंत्र करावा लागतो.

फळ जिवंत असतं, श्वास घेतं, आणि त्यातूनही उष्णता निघते. थंड सफरचंदाला टनामागे १० ते २० वॅट, आत्ताच आलेल्या गरम मालाला त्याहून बरीच जास्त. १० टनांच्या साठ्याला ०.२ किलोवॅट धरते.

हापूसचं विचारणारे पुष्कळ असतात, म्हणून इथेच सांगते: हापूस या खोलीत ठेवायचा नाही. साधारण १३ अंशांच्या खाली त्याची साल काळपट पडते आणि तो नीट पिकत नाही. त्याला वेगळी खोली, वेगळं तापमान.

दार

माझ्या मते सर्वांत जास्त हिशोब इथेच कमी पडतात. दार उघडलं की थंड हवा जड असल्यामुळे खालून बाहेर सांडते आणि वरून गरम, दमट हवा आत घुसते. खोलीतली संपूर्ण हवा दिवसातून किती वेळा बदलते, त्यावर भार ठरतो. ७०-८० घनमीटरच्या खोलीला तक्त्यांमध्ये दिवसाला १० च्या आसपास आकडा मिळतो. मार्केटमध्ये तो पुरत नाही. पहाटे गाडी लागली की माथाडी एकापाठोपाठ एक पेट्या आत नेत असतात आणि दार सताड उघडं असतं. मी दुप्पट धरते, २०.

आता बाहेरच्या हवेची एन्थाल्पी हवी. त्यासाठी दोन थर्मामीटर लागतात. एकाच्या टोकाला मलमलच्या कापडाची वात गुंडाळायची, ती स्वच्छ पाण्यात भिजवायची आणि दोन्ही थर्मामीटर गोल फिरवायचे. याला स्लिंग म्हणतात. वात पिवळी पडली असेल किंवा पाणी खारं असेल तर रीडिंग चुकतं, म्हणून वात वेळोवेळी बदला. दाराबाहेर, सावलीत, अंगापासून हात लांब करून अर्धा-पाऊण मिनिट फिरवायचं आणि थांबताक्षणी आधी ओला थर्मामीटर वाचायचा, कारण तो लगेच चढायला लागतो. परत भिजवायचं, परत फिरवायचं. लागोपाठ दोनदा ओल्याचा आकडा तोच आला की तो खरा. ऑक्टोबरमधल्या दुपारी तुर्भ्याला कोरडा ३४ आणि ओला २७ असा मेळ सहज मिळतो.

ओल्या थर्मामीटरवरून एन्थाल्पी जवळजवळ थेट मिळते. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे नेहमीचे तक्ते जसेच्या तसे लागू पडतात. ओला थर्मामीटर १० अंश दाखवत असेल तर २९ किलोज्यूल प्रतिकिलो, १५ ला ४२, २० ला ५७.५, २५ ला ७६.५, २७ ला ८५, ३० ला १००. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मधले आकडे अंदाजाने काढता येतात.

बाहेरची हवा ८५. आतली, २ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची, सुमारे १२. फरक ७३ किलोज्यूल प्रतिकिलो. एक घनमीटर हवेचं वजन १.१५ किलो धरलं की घनमीटरमागे ८४ किलोज्यूल. ७२ × २० × ८४ = १,२०,९६० किलोज्यूल दिवसाला. भागिले ८६,४०० म्हणजे १.४० किलोवॅट.

हेच नुसत्या कोरड्या थर्मामीटरवरून करून बघा. ३२ अंशांचा फरक, गुणिले हवेची विशिष्ट उष्णता १.००६, गुणिले १.१५: घनमीटरमागे ३७. दिवसाचे मिळून ०.६२ किलोवॅट. निम्म्याहून जास्त उष्णता हिशोबातून निसटली! ही निसटलेली उष्णता कुठे जात नाही. ती वाफ खोलीतल्या कॉइलवर (थंड गॅसच्या पाइपांच्या जाळीवर) जाऊन बर्फ होते आणि तो बर्फ काढायला आणखी वीज लागते. विदर्भातल्या एखाद्या कोरड्या उन्हाळ्यासाठी केलेला हिशोब नवी मुंबईत चालत नाही, तो यामुळे. मालकाला मी इथेच स्ट्रिप कर्टनचा, म्हणजे दाराला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, खर्च समजावून सांगते. दिवसाचे हवाबदल २० चे १२ झाले तरी अर्ध्या किलोवॅटहून जास्त भार रोजचा वाचतो.

उरलेलं, आणि बेरीज

आतल्या पंख्यांच्या मोटर ०.४ किलोवॅट, २४ तास. त्यांची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. दिवे १०० वॅटचे, ८ तास. दोन माणसं, रोज ४ तास. इतक्या थंडीत राबणारा माणूस २५० वॅटच्या आसपास उष्णता देतो. सगळं २४ तासांवर पसरलं की ०.५२ किलोवॅट.

०.८३ अधिक ३.०३ अधिक ०.२ अधिक १.४० अधिक ०.५२: ५.९८. म्हणजे ६ किलोवॅट धरू. पण मशीन २४ तास सलग चालणार नाही. बर्फ काढायला ते थांबलं पाहिजे आणि वीज गेल्यावर मागे पडलेलं भरून काढायला हातात वेळ पाहिजे. १८ तास धरायचे. ६ × २४ ÷ १८ = ८ किलोवॅट. पेट्यांचा पुठ्ठा, जुनं होत जाणारं पॅनेल वगैरेंसाठी १० टक्के वर: ८.८ किलोवॅट. ३.५१७ ने भागा: अडीच टन.

शेजारचं दोन टनाचं मशीन इथे बसवलं असतं तर ते रात्रंदिवस धापा टाकत राहिलं असतं. उलट पाच टनाचंही नको. मोठं मशीन खोली झटकन थंड करून बंद पडतं आणि मग थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होत राहतं. त्याला जुळलेली मोठी कॉइल नसेल तर गॅसचं तापमान फार खाली जातं, हवेतलं पाणी कॉइल ओढून घेते आणि सफरचंद सुकतं.

आता गॅसचं चक्र

खोलीला काय हवं ते कळलं. आता ते मशीन कसं देईल ते बघू. गॅस आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, आणि एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये दाब उतरून परत कॉइलमध्ये येतो. यासाठी चार जागांची एन्थाल्पी लागते, आणि गंमत अशी की प्रत्यक्षात तीनच आकडे पुरतात.

खोली २ अंश, म्हणून कॉइलमधला गॅस उणे ५ ला उकळू दे. ७ अंशांचा फरक फळांना मानवतो. बाहेरची हवा ३४, म्हणून कंडेन्सरमध्ये गॅस ४५ ला द्रव होऊ दे. आर-१३४ए साठी उणे ५ ला दाब २.४३ बार आणि ४५ ला ११.६ बार. हे निरपेक्ष दाब आहेत. गेजवर यातून एक बार कमी दिसतो: सक्शनला (कॉम्प्रेसर गॅस आत ओढतो ती बाजू) सुमारे १.४ बार, म्हणजे २० पीएसआय, आणि डिस्चार्जला (बाहेर ढकलतो ती बाजू) १०.६ बार, म्हणजे १५३ पीएसआय. तक्ता वाचताना गेजच्या आकड्यात १.०१ बार मिळवायला मुलं विसरतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

पहिली जागा, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी. उणे ५ च्या कोरड्या वाफेची एन्थाल्पी ३९५.७. त्यावर ५ अंश सुपरहीट (वाफ उकळण्याच्या तापमानाच्या वर जेवढी तापते ते), म्हणजे पाइप ० अंशांवर. एकूण ४०० किलोज्यूल प्रतिकिलो.

दुसरी, कॉम्प्रेसरमधून बाहेर. एन्ट्रॉपी न बदलता, म्हणजे आदर्श पद्धतीने काही वाया न घालवता, दाबला असता तर ४३३.५ ला पोचला असता, म्हणजे ३३.५ ची भर. खरा कॉम्प्रेसर इतका आदर्श नसतो. ७० टक्के कार्यक्षमता धरली की भर ४८. म्हणजे ४४८. या ठिकाणी गॅस ६८ अंशांच्या आसपास असतो.

तिसरी, कंडेन्सरमधून बाहेर. ४५ ला द्रव झालेला गॅस आणखी ५ अंश थंड होऊन (याला सबकूलिंग म्हणतात) ४० ला निघतो. ४० अंशांच्या द्रवाची एन्थाल्पी २५६.

चौथी, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या पलीकडे. वॉल्व्हमध्ये दाब पडतो, तापमान पडतं, पण उष्णता आत येत नाही आणि बाहेर जात नाही. म्हणून तीच २५६. नवीन मुलांना हे पटवायला वेळ लागतो, कारण वॉल्व्हच्या एका बाजूचा पाइप कोमट आणि दुसऱ्या बाजूला दव साठलेलं दिसतं. काही द्रवाची तिथेच वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतली जाते, म्हणून तो गार पडतो. बेरीज तीच राहते.

आता वजाबाक्या. खोलीतून उचलली: ४०० वजा २५६ = १४४. कॉम्प्रेसरने घातली: ४४८ वजा ४०० = ४८. कंडेन्सरने बाहेर टाकली: ४४८ वजा २५६ = १९२. आणि १४४ अधिक ४८ बरोबर १९२. हा ताळा प्रत्येक वेळी करायचाच. आत आलेली सगळी उष्णता बाहेर गेलीच पाहिजे, जमा-खर्च जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर पुढे जायचं नाही, मागे जाऊन वजाबाक्या तपासायच्या.

ताळा जुळूनही उत्तर भलतंच येत असेल तर बहुतेक वेळा कारण हे असतं: दोन वेगवेगळ्या तक्त्यांतले आकडे एकत्र झालेले. काही तक्ते ० अंशांच्या द्रवाला २०० किलोज्यूल धरून सुरू होतात, काही उणे ४० ला शून्य धरतात. दोन्ही बरोबर, पण एका हिशोबात एकच तक्ता.

१४४ ÷ ४८ = ३. याला सीओपी म्हणतात: कॉम्प्रेसरच्या कामाच्या एका युनिटमागे उष्णतेचे तीन युनिट उचलले. याला एक वरची मर्यादा आहे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडलेल्या विचारातून ती आली. थंड बाजूचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन्ही बाजूंतला फरक. इथे २६८ ÷ ५० = ५.४ च्या जवळपास. तुमचं उत्तर याच्या वर आलं तर गणितात नक्की चूक आहे, आणि एखादा विक्रेता याच्या वरचा आकडा सांगत असेल तर त्याचा कागद परत करा.

लागणारा गॅस: ८.८ ÷ १४४ = सेकंदाला ०.०६१ किलो, म्हणजे तासाला २२० किलो. तासाला २२० किलो म्हणजे मशीनमध्ये तेवढा भरायचा असं नाही. भरलेले थोडेच किलो पुन्हा पुन्हा फिरतात. कॉम्प्रेसरचं काम: ०.०६१ × ४८ = २.९३ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर वीज ३.४५ किलोवॅट.

ब्लेंड, म्हणजे मिश्रणाचा, गॅस असेल, जसा आर-४०७सी, तर एक काळजी घ्या. तो एका तापमानाला उकळत नाही, पाचेक अंशांच्या पट्ट्यात उकळतो. सुपरहीट काढताना ड्यू पॉइंटचा (शेवटचा थेंब उकळतो ते तापमान) रकाना आणि सबकूलिंग काढताना बबल पॉइंटचा (उकळायला सुरुवात होते ते तापमान) रकाना वाचायचा.

कंडेन्सर

सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये मोटर गॅसनेच थंड होते, म्हणून मोटरची वाया गेलेली उष्णताही गॅसबरोबर कंडेन्सरला जाते. अशा मशीनला कंडेन्सरचा भार ८.८ अधिक ३.४५, म्हणजे १२.२५ किलोवॅट. अडीच टनाचं मशीन आहे म्हणून अडीच टनाचा कंडेन्सर, असं धरणं चूक. त्याला जवळजवळ साडेतीन टन उष्णता फेकायची असते.

हवा ३४ ला आत येते, ४० ला बाहेर पडते असं धरू. लागणारी हवा: १२.२५ ÷ (१.००६ × ६) = सेकंदाला २ किलो, तासाला सुमारे ६,४०० घनमीटर. गॅस ४५ ला. एका टोकाला फरक ११ अंश, दुसऱ्याला ५. साधी सरासरी ८ येते, पण फरक सरळ रेषेत कमी होत नाही, म्हणून लॉगरिदमची सरासरी घ्यायची: (११ − ५) ÷ एलएन(११ ÷ ५) = ७.६ अंश (एलएन म्हणजे कॅल्क्युलेटरवरचा नैसर्गिक लॉगरिदम). १२.२५ ÷ ७.६ = १.६१ किलोवॅट प्रतिअंश. कॉइलच्या कॅटलॉगात हा आकडा किंवा याच तापमानांना १२.२५ किलोवॅट देणारं मॉडेल शोधायचं. आतल्या कॉइलचंही असंच: हवा २ वरून उणे १ ला, गॅस उणे ५ ला, फरक ७ आणि ४, सरासरी ५.४, गरज १.६४ किलोवॅट प्रतिअंश.

आता जागेवर जे घडतं ते. गाळ्यांच्या मागच्या चिंचोळ्या गल्लीत पाच-सहा आउटडोअर युनिट समोरासमोर लावलेली असतात. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात. हवामानाच्या बातमीत ३४ असतं, पण कॉइलच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर तो त्याहून बराच वर असतो. तोच आकडा हिशोबात घ्यायचा. शिवाय भाजीपाल्याचा कचरा, गोणपाटाचे तंतू, धूळ फिनमध्ये (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमध्ये) अडकून हवा कमी होते. समजा या सगळ्यामुळे गॅस ४५ ऐवजी ५० ला द्रव होऊ लागला. तोच तक्ता घ्या: द्रव आता ४५ अंशांवर, एन्थाल्पी २६४. खोलीतून उचललेली १३६, कॉम्प्रेसरचं काम ५२. सीओपी ३ वरून २.६. तेवढ्याच थंडाव्याला सुमारे १५ टक्के जास्त वीज. पाच अंशांनी एवढा फरक पडतो, आणि त्यातला बराचसा भाग पाण्याच्या पाइपने कॉइल धुऊन परत मिळतो. धुताना पाणी शक्यतो आतून बाहेर मारा आणि जोर बेताचा ठेवा, नाहीतर फिन वाकतात.

चालू मशीनवर पडताळा

मशीन स्थिर चालू लागल्यावर, खोली २-३ अंशांवर आल्यावर, तीन आकडे बघते. सक्शन गेज २० पीएसआय आणि पाइप ० अंश: सुपरहीट ५, ठीक. डिस्चार्ज पाइप ७० च्या आसपास: ठीक. तो १०० च्या वर जात असेल तर तेल जळायची भीती असते, लगेच थांबवून कारण शोधा. तिसरा, क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती धरून अँपिअर मोजायचा मीटर. थ्री फेज, ४१५ व्होल्ट, ६ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८: १.७३२ × ४१५ × ६ × ०.८ = ३,४५० वॅट. कागदावरच्या ३.४५ किलोवॅटशी जुळलं. अँपिअर कमी आणि सुपरहीट खूप जास्त असेल तर कॉइलला गॅस अपुरा मिळतो आहे: गॅस कमी असेल, नाहीतर लाइन चोक, म्हणजे तुंबलेली, असेल. नुसत्या दाबावर गॅस भरत सुटू नका, आधी सबकूलिंग मोजा.

घरच्या एसीचा हिशोब हवेच्या बाजूने करायचा, गेज न लावता. नुसत्या तपासणीसाठी आर-३२ गॅसचं युनिट उघडण्याची गरजच नसते. ठाण्यातल्या फ्लॅटमधला दीड टनाचा स्प्लिट घेऊ, कागदावर ५.२८ किलोवॅट. अर्धा तास चालू ठेवा, दारं-खिडक्या बंद, स्वयंपाकघरात कुकर नको. इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी कोरडा २६, ओला १९.५, म्हणजे ५५.५ किलोज्यूल. खालून निघणाऱ्या हवेत कोरडा १३, ओला १२.३, म्हणजे ३४.९. फरक २०.६. हवेचा वेग अॅनिमोमीटरने पाच-सहा जागी मोजून सरासरी घ्या आणि निघण्याच्या फटीच्या क्षेत्रफळाने गुणा. समजा तासाला ७०० घनमीटर आले. त्या थंड हवेचा एक किलो ०.८२ घनमीटर जागा घेतो, म्हणून सेकंदाला ०.२३७ किलो. गुणाकार ४.९ किलोवॅट. वेग मोजण्यात थोडीफार तफावत असतेच, तेव्हा हा एसी चांगला चालतो आहे.

यातली वाफेची उष्णता वेगळी ताडून बघता येते, आणि हा पडताळा मला फार आवडतो. ड्रेन पाइपखाली मापाची बादली ठेवा आणि तासभर पाणी जमवा. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,५०० किलोज्यूल सुटतात. तासाला अडीच लिटर जमलं तर २.५ × २,५०० ÷ ३,६०० = १.७४ किलोवॅट. एकूण ४.९ मधले १.७४ हवा कोरडी करण्यात गेले, उरलेले ३.१६ तापमान उतरवण्यात. थर्मामीटरवरून ताडा: ०.२३७ × १.०२ × १३ = ३.१४. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ तोच आकडा आला, म्हणजे मापं खरी आहेत.

जुलैत हाच प्रयोग केला तर बादलीत पाणी जास्त आणि तापमानातला फरक कमी दिसेल. "एसी गार करत नाही" अशी तक्रार पावसाळ्यात येते तेव्हा आधी बादली लावायची. पाणी भरपूर येत असेल तर मशीन पूर्ण काम करतं आहे आणि बाहेरची दमट हवा कुठून तरी आत येते आहे. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू असेल, स्लाइडिंग खिडकीचं रबर गेलं असेल, पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक बुजवायचं राहिलं असेल. पाणीही कमी आणि फरकही कमी, तर मग फिल्टर, कॉइल आणि शेवटी गॅस, याच क्रमाने बघायचं.